स्कूप बसला, पण वारा इंटरकूलरपर्यंत पोचलाच नाही

माझ्या टर्बो डिझेल पिकअपचा इंटरकूलर, म्हणजे टर्बोने दाबलेली हवा इंजिनात जाण्याआधी गार करणारा भाग, इंजिनाच्या डोक्यावर आडवा बसवलेला आहे. माल भरून लांबलचक चढण लागली की गाडी दमायची. टर्बो हवा दाबतो तेव्हा ती सहज 100 अंश सेल्सियसच्या वर तापते, आणि तापलेली हवा विरळ असल्याने सिलिंडरला प्राणवायू कमी मिळतो. इंटरकूलरला खालून इंजिनाची धग, मग वरून तरी थंड वारा मिळावा म्हणून बॉनेटला स्कूप, म्हणजे वारा आत घेणारं उंचवट्यासारखं तोंड, बसवायचं ठरवलं. हा विचार मला आजही बरोबरच वाटतो.

गॅरेजवाल्याशी ठरलं ते असं : बॉनेटचे वरचा आणि आतला, दोन्ही पत्रे कापायचे, तोंडापासून इंटरकूलरपर्यंत बंद डक्ट, म्हणजे हवेची वाट, करायचा, आणि बॉनेट मिटल्यावर इंटरकूलरच्या कडांवर दाबून बसेल असं रबर लावायचं. सगळं तोंडी. लिहून घेतलं नाही, ही माझी चूक.

गाडी देताना त्याने स्कॅनर लावून इंजिनात जाणाऱ्या हवेचं तापमान दाखवलं. आधी 71, आता 46. मी खूश झालो. पहिला आकडा भर उन्हात गाडी बराच वेळ जागेवर चालू ठेवून घेतलेला होता आणि दुसरा पहाटे मोकळ्या रस्त्यावर धावताना, हे नंतर ध्यानात आलं. उभ्या गाडीत वरचा इंटरकूलर इंजिनाच्या धगीनेच तापतो. गाडी पळू लागली की तो आकडा स्कूप नसला तरी उतरतो.

‘वाऱ्याच्या जोराने बूस्टही, म्हणजे टर्बोने दिलेला हवेचा दाबही, वाढेल, साहेब,’ असंही तो म्हणाला होता. हे तर साफ खोटं. ताशी 100 किलोमीटर वेगाला समोरच्या वाऱ्याचा दाब पाण्याची पातळी जेमतेम 5 सेंटिमीटर उचलेल एवढाच असतो. 1 बार बूस्ट म्हणजे पाण्याचा 10 मीटर उंच स्तंभ. स्कूपचं काम इंटरकूलर गार ठेवणं, बाकी काही नाही. तुमचा इंटरकूलर पुढे जाळीमागे असेल तर त्याला बॉनेटवरच्या स्कूपचा काडीचाही उपयोग नाही.

चढणीवर गाडी पूर्वीसारखीच दमत राहिली. पहिल्या मोठ्या पावसात इंजिनाचा दिवा लागला, तेव्हा दुसऱ्या एका मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि विचारलं, “दादा, हा वारा जातो कुठे?” त्याने स्कूपच्या तोंडात तांब्याभर पाणी ओतलं. इंटरकूलर कोरडाच राहिला, पाणी बाजूच्या वायरिंगच्या कनेक्टरवर टपकलं. वरचा पत्रा कापलेला, आतल्या पत्र्याला फक्त अंगठ्याएवढी चार भोकं, आणि हे दिसू नये म्हणून तोंडाला काळी जाळी. डक्ट नाही, रबर नाही. कापलेल्या कडांना प्रायमर न लावता थेट पुट्टी भरलेली, तिच्याखाली गंज सुरू झालेला.

मी पहिल्या गॅरेजवाल्याकडे परत गेलो. आधी ‘तुमचा टर्बोच कमजोर आहे’, मग ‘एवढंच ठरलं होतं’. दाखवायला माझ्याकडे कागद नव्हता.

तुम्ही हे काम करणार असाल तर ठरलेलं सगळं लिहून घ्या. पत्रा कापल्यावर, रंग चढण्याआधी, स्वतः जाऊन बॉनेट खालून बघा. आतली चौकट कुठे कापली, तिथे आधार दिला का, पाणी बाहेर पडायला वाट ठेवली का, ते विचारा. चाचणी एकाच रस्त्यावर, तेवढ्याच भाराने, त्याच वेगाने घ्या आणि दोन्ही वेळा बाहेरचं तापमान टिपा. स्कूपच्या तोंडाशी लोकरीचे धागे चिकटवून चालत्या गाडीचं चित्रण करा. धागे आत ओढले जायला हवेत. बॉनेटखालचा दाब जास्त असेल तर ते बाहेर फडफडतात, म्हणजे गरम हवाच उलटी येते आहे.

मला शेवटी बॉनेट बदलावं लागलं. जुनं मी भंगारात दिलेलं नाही. ओळखीत कोणी स्कूपची चौकशी करायला आला की आधी ते उलटं करून ती चार भोकं दाखवतो.