चपळ हाताचा पोरगा की चूक सांगणारा?

सोलापूरच्या अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या लहान टर्निंग शॉपला (लेथवर धातू कातणाऱ्या कारखान्याला) वर्षासाठी एकच अप्रेंटिस घ्यायचा असतो आणि समोर आयटीआयचा टर्नर ट्रेड केलेली दोन मुलं असतात. एकाचा हात चपळ. दुसरा सावकाश, पण जॉब (लेथवर घडवायचा तुकडा) बिघडला की स्वतः येऊन सांगणारा. मार्क, वेळेवर येणं, मशीन पुसून जाणं यांत दोघं सारखेच धरू.

चपळ मुलगा पहिल्या आठवड्यात मन जिंकतो, आणि त्यात चूक काही नाही. लूमच्या सुट्या भागांचं रफ टर्निंग असेल, फिनिशला अर्धा मिलिमीटर माल ठेवायचा असेल, तर संध्याकाळी त्याचाच ट्रे भरलेला दिसतो. अशा मुलाची चक की, म्हणजे जॉब धरणारा चक आवळायची चावी, तेवढी पाहत जा. घाईत ती चकमध्येच राहते.

फरक कळतो तो फिनिश साइझला. २५ मिमीचा शाफ्ट एच७ (h7) या अचूकतेच्या दर्जात मागितला तर मापातली मोकळीक ०.०२१ मिमीची, म्हणजे २५.००० ते २४.९७९. इथे ०.०२ वाचणारा व्हर्नियर कामाचा नाही, मायक्रोमीटर हवा, आणि तोही शून्य तपासून. जबडे पूर्ण मिटल्यावर तो शून्यापेक्षा ०.०२ जास्त दाखवत असेल, तर २४.९९ वाचलेला जॉब प्रत्यक्षात २४.९७ भरतो. भंगार. गरम जॉब मोजला तरी तेच: शेडपेक्षा ४० अंशांनी तापलेला हा पोलादी शाफ्ट निवल्यावर ११-१२ मायक्रॉनने (मायक्रॉन म्हणजे ०.००१ मिमी) बारीक होतो, निम्मी मोकळीक तिथेच संपली. टूल घासून जॉब जाड आला तर आणखी एक कट घेऊन वाचवता येतो. बारीक झालेला गेलाच.

या चुका दोघंही करतात. पण चपळ मुलाचा बिघडलेला जॉब बऱ्याचदा गुपचूप ट्रेच्या तळाशी जातो, आणि आमच्याकडे पारडं फिरलं ते याच एका वैतागाने. एका शाफ्टचं काही वाटत नाही. पण पहिला पीस दडवला की कारण कोणी शोधत नाही, त्याच मायक्रोमीटरवर पुढचे चाळीस निघतात आणि गिऱ्हाइकाकडे बेअरिंग सैल बसलं की अख्खा लॉट परत येतो.

अर्थात, दडवायची सवय पुष्कळदा शॉपच लावतं. मिस्त्री चार लोकांत ओरडला किंवा स्टायपेंडमधून पैसे कापले, तर सांगणारा मुलगाही महिन्याभरात गप्प होतो. त्याला घ्यायचं तर बिघडलेल्या मालासाठी लाल डबा ठेवा आणि जॉबवर साइझ व कारण लिहिलेली चिठ्ठी लावायला सांगा. आयटीआयच्या निदेशकांनीही प्रॅक्टिकलमध्ये या चिठ्ठीला दोन मार्क द्यायला हरकत नसावी.

ज्यांच्याकडे फक्त रफ काम आहे त्यांनी खुशाल चपळ हात घ्यावा. फिनिशचं काम असेल तर आम्ही सावकाश मुलगाच घेऊ. वेग आमच्या अंदाजाने तीन-चार महिन्यांत येतो.

कोण कुठला हे अर्ध्या दिवसात कळतं. शून्याला ०.०३ जास्त दाखवणारा मायक्रोमीटर द्या, पाच शाफ्ट करायला सांगा आणि काही बोलू नका. एखादा आधी शून्य पाहील. एखादा तिसऱ्या शाफ्टनंतर येऊन म्हणेल, "मिस्त्री, हे मायक्रोमीटर बरोबर वाटत नाही." असे दोघंही चालतील.