‘गोरिला’वरच्या सहा सह्या आणि माझे 457.50 पौंड

आधी आकडे सांगते, म्हणजे किती गेले ते बघायला कुणी खाली धावायला नको. रेकॉर्डचे 385 पौंड, विम्यासकट टपालाचे 12.50, आणि सह्या खऱ्या असल्याच्या प्रमाणपत्राचे 60. एकूण 457.50. रुपयांत पन्नास हजारांच्या वर. त्या बदल्यात घरी आलीये बोंझो डॉग डू-डाह बँडच्या ‘गोरिला’ या रेकॉर्डची नंतर कधीतरी काढलेली स्टिरिओ प्रत, कव्हरवर काळ्या मार्करने मारलेल्या सहा सह्या, एक टाइप केलेलं पत्र आणि घरच्या प्रिंटरवर छापलेलं प्रमाणपत्र. सासूबाई फोनवर म्हणाल्या, “गोरिला म्हणजे माकडच ना गं? एवढे पैसे?” त्यांना काय सांगणार!

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. बोंझो डॉग डू-डाह बँड ही लंडनच्या आर्ट स्कूलमधल्या पोरांनी साठीच्या दशकाच्या सुरुवातीला जमवलेली टोळी. जुन्या बाजारातून मिनिटाला 78 फेरे घेणाऱ्या जुन्या तबकड्या उचलायच्या, त्यांतली 1920-30च्या दशकांतली खुळचट गाणी शोधायची आणि ती अतिशय गंभीर चेहऱ्याने वाजवायची, हा यांचा उद्योग. व्हिव्हियन स्टॅनशॉल, नील इनिस, रॉडनी स्लेटर, स्वतःची यंत्रं आणि रोबो घेऊन रंगमंचावर येणारा रॉजर रस्किन स्पिअर, ‘लेग्ज’ लॅरी स्मिथ. पुढे ‘मॉन्टी पायथॉन’ या विनोदी टोळीत गाजलेले पॅलिन, जोन्स आणि आयडल मिळून ‘डू नॉट अॅडजस्ट युअर सेट’ हा लहान मुलांचा कार्यक्रम करत, त्यात हेच गायचे. मी पायथॉनच्या मागे लागून यांच्यापर्यंत पोचले. ‘गोरिला’ ही त्यांची पहिली एलपी, लिबर्टी कंपनीची, 1967ची. सगळं लंडन रंगीबेरंगी धुरात अंतराळात निघालेलं असताना ही मंडळी त्या धुराचीच टिंगल करत होती. ‘द इंट्रो अँड द आउट्रो’मध्ये स्टॅनशॉल वादकांची ओळख करून देतो. सुरुवातीला खरे वादक येतात, मग झायलोफोनवर जॉन वेन, व्हायब्ज या वाद्यावर हिटलर, अकॉर्डियनवर जनरल द गॉल. ओळख संपत नाही आणि गाणं सुरूच होत नाही. ‘डेथ कॅब फॉर क्यूटी’ यातलंच, बीटल्सच्या ‘मॅजिकल मिस्टरी टूर’मध्ये दिसतं ते.

स्टॅनशॉल मार्च 1995मध्ये लंडनच्या मझवेल हिलमधल्या त्याच्या फ्लॅटला लागलेल्या आगीत गेला. इनिस 2019च्या डिसेंबरमध्ये. म्हणजे दोघांच्या सह्या एकत्र असलेलं कव्हर आता नव्याने तयार होणं शक्य नाही. निदान कायदेशीर मार्गाने तरी. जाहिरात मोनो प्रतीची होती, पण सही नसलेली चांगली मोनो प्रत याहून कितीतरी स्वस्त मिळते. मी पैसे मोजले ते सह्यांचे.

विकणाऱ्याने सुरुवातीला 420 मागितले होते. गोष्ट तुमच्या ओळखीची असेलच: मोठा भाऊ वारला, त्याचं घर रिकामं करायचंय, भाऊ साठीच्या दशकात बँडच्या दौऱ्यांवर व्हॅनमधून सामान न्यायचा, “मला यातलं काही कळत नाही, चांगल्या घरी जावी एवढीच इच्छा.” असं काही न कळणाऱ्या माणसाला रस्किन स्पिअरच्या रोबोंबद्दल पानभर लिहिता येतं, हे तेव्हाच खटकायला हवं होतं. पण मला उलट वाटलं. वाटलं, भावाकडून ऐकलं असेल. शिवाय या बँडबद्दल बोलायला इथे माणूस भेटत नाही हो. ऑफिसातल्या इंग्रजांना विचारलं तर ‘अर्बन स्पेसमन’ या गाण्यापलीकडे काही ठाऊक नसतं. ते गाणं ‘अपोलो सी. व्हर्माउथ’ या टोपणनावाखाली निर्माता म्हणून बीटल्सच्या पॉल मॅकार्टनीने करून दिलं, हे तर कुणालाच माहीत नसतं. याला माहीत होतं. तिथे मी विरघळले.

आता मुख्य गोष्ट. ती आठवली की अजून कानशिलं तापतात.

त्याने भावाच्या पत्राचा फोटो पाठवला. तारीख नोव्हेंबर 1967. मजकूर असा की कार्यक्रम संपल्यावर सगळ्यांनी एकाच रात्री सह्या दिल्या. पत्राच्या डोक्यावर छापलेलं नाव: द बोंझो डॉग बँड. कव्हरच्या फोटोत सह्या सहा, आणि सहावी डेनिस कोवनची.

डेनिस कोवन ‘गोरिला’वर नाहीच! तो बास वाजवायला 1968मध्ये आला. ज्यांनी त्या रेकॉर्डवर खरोखर वाजवलंय त्या व्हर्नन डडली बोहे-नॉवेलची आणि सॅम स्पून्सची सही नाही, आणि जो नव्हता त्याची आहे. आणि नाव! 1967मध्ये ते ‘डू-डाह’ होते. ‘डू-डाह’ गळालं ते पुढच्या वर्षी, ‘द डोनट इन ग्रॅनीज ग्रीनहाउस’ या दुसऱ्या एलपीच्या वेळी. 1967च्या पत्रावर 1968चं नाव. म्हणजे कुणीतरी गाजलेल्या काळातल्या सहा जणांची यादी काढली आणि पहिल्या रेकॉर्डवर चिकटवून दिली.

मला हे दिसलं नाही असं समजू नका. कोवनचं दिसलं आणि मी विचारलंही. तासाभरात उत्तर आलं: “बरोबर पकडलंत! ती सही भावाने नंतर घेतली, 1969मध्ये, ‘केन्शम’च्या वेळी. तुमच्यासारखी जाणकार व्यक्ती भेटली याचा आनंद आहे.” एकाच रात्री सगळ्या सह्या, असं पत्र सांगत होतं. पत्र माझ्यासमोर उघडं होतं. आणि मी कोणतं वाक्य पुन्हा पुन्हा वाचत बसले? जाणकार व्यक्ती.

यावर कुणी मला शहाणपण शिकवू नये. लोभी माणसं फसतात असं लोक म्हणतात. मी स्वस्तात मिळतंय म्हणून घेतलं नव्हतं, पुरेपूर पैसे मोजले होते. प्रश्न विचारला होता, उत्तर मिळालं होतं. दर दौऱ्यानंतर रेकॉर्डवर नवी सही घेत जाणारे लोक असतात, माझ्या ओळखीत आहेत.

‘केन्शम’ हा शब्द त्याने वापरावा यात एक वेगळाच खारटपणा आहे. ब्रिस्टलजवळच्या या गावाचं नाव बँडने 1969च्या एलपीला दिलं ते होरेस बॅचलरमुळे. हा गृहस्थ रेडिओ लक्झेंबर्गवर फुटबॉल पूल्स (सामन्यांच्या निकालांवरची पैज) जिंकायच्या आपल्या ‘इन्फ्रा-ड्रॉ’ पद्धतीची जाहिरात करायचा आणि पैसे पाठवायचा पत्ता चुकू नये म्हणून केन्शमचं स्पेलिंग एकेक अक्षर सुटं करून सांगायचा. अख्ख्या पिढीला ते पाठ झालं होतं. त्या जाहिरातीची थट्टा करणाऱ्या बँडची मी चाहती, आणि माझे पैसे गेले ते असे.

पार्सल आलं. कव्हर हातात घेतल्या घेतल्या कळलं. आतल्या तबकडीने जिथे कव्हर गोल घासलं गेलंय, त्या पांढुरक्या कड्यावरून सहीची शाई अखंड गेलेली. साठीच्या दशकातली सही असती तर कव्हरबरोबर तीही झिजली असती. सही झिजेच्या वरून जातेय की झीज सहीच्या वरून, एवढं एक बघा. त्यासाठी तिरक्या उजेडातला जवळून काढलेला फोटो मागा, आणि द्यायला टाळाटाळ झाली तर तिथेच थांबा. सहाही सह्या एकाच पेनाने, एकाच दाबाने केलेल्या. लेबलवरचा क्रमांक एलबीएसने सुरू होणारा, म्हणजे स्टिरिओ. मोनो एलबीएल. जाहिरातीतल्या फोटोत एलबीएलच होतं, कारण तो फोटो दुसऱ्याच कुणाच्या प्रतीचा. नंतर चित्रावरून शोध घेतला तर कोपऱ्यावरच्या त्याच चिरेसकट एका जुन्या विक्रीत सापडला, अर्थात सह्यांविना. हा शोध पैसे देण्याआधी घ्यायचा असतो. दोन मिनिटं लागतात.

प्रमाणपत्राचे 60 पौंड वेगळ्या खात्यात गेले, “तपासनिसाच्या”. तिथे बँकेच्या अॅपने सांगितलं, नाव जुळत नाही. मी थांबले, विचारलं. उत्तर: धंद्याचं खातं आहे, म्हणून नाव वेगळं दिसतं. रेकॉर्डच्या पैशांच्या वेळी नाव चोख जुळलं होतं, म्हणून मीही पुढे गेले.

आणि आता बँक. 7 ऑक्टोबर 2024पासून या देशात नियम आहे की फसवून तुमच्याच हाताने पैसे पाठवून घेतले असतील तर बँकेने ते परत द्यायचे, 85,000 पौंडांपर्यंत. मोठा गाजावाजा झाला होता. मी निश्चिंत होते. फोनवरच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की 397.50च्या व्यवहारात खातेदाराचं नाव जुळतंय, वस्तू पोचली आहे, म्हणजे हा फसवणुकीचा प्रकार नसून दिवाणी वाद आहे, आणि दिवाणी वाद नियमात बसत नाहीत. बरं, 60 पौंडांचं काय? तिथे तर नाव जुळत नव्हतं! त्यावर, “तिथे आम्ही तुम्हाला सावध केलं होतं.” शिवाय नियमाप्रमाणे बँक दर दाव्यातून 100 पौंडांपर्यंत वजा करू शकते, त्यामुळे दावा मान्य झाला तरी 60मधून हाती शून्य. म्हणजे नाव जुळलं तर फसवणूक नाही, आणि नाव जुळलं नाही तर दोष माझा. हे नियम लिहिणाऱ्याला बोंझोंनी बँडमध्ये घेतलं असतं.

पोलिसांना फोन केला तर ऑनलाइन अर्ज भरा म्हणाले. भरला. त्यात एक प्रश्न होता, या घटनेचा तुमच्यावर काय परिणाम झाला, आणि उत्तराला अक्षरांची मर्यादा! तक्रार क्रमांक मिळाला. मग बरेच दिवस काही नाही, आणि नंतर एक पत्र: तपासासाठी पुरेसे धागेदोरे नाहीत. अहो, धागेदोरे? मी त्याच्या खात्याचा क्रमांक दिला होता. शाखेचा कोड दिला होता. सगळे संदेश दिले होते. खातं काढताना बँकेने त्याची ओळख तपासलीच असेल ना? तो माणूस कोण हे बँकेला माहीत आहे, ते पोलिसांनी विचारायचं, आणि पोलीस म्हणतात धागा नाही. मी बँकेला म्हटलं, मला नाव-पत्ता द्या, मी बघते. ते म्हणाले, ती त्यांची खासगी माहिती आहे. भामट्याच्या खासगीपणाची केवढी काळजी! माझ्या 457.50ची कुणाला आहे?

ग्राहक कार्यालय म्हणालं, विक्रेता दुकानदार नाही, खासगी माणूस आहे, आमच्याकडे येत नाही. ज्या साइटवर जाहिरात होती ती म्हणाली, पैसे आमच्यामार्फत दिले नाहीत, आम्ही काही करू शकत नाही. (त्यानेच “कमिशन वाचेल” म्हणून बाहेर देऊ म्हटलं होतं. कमिशन वाचवणारा माणूस भेटला की पळा.) एकाने फुकटचा सल्ला दिला की ‘मिसरेप्रेझेंटेशन अॅक्ट’खाली, म्हणजे खोटं सांगून केलेल्या सौद्यांबद्दलच्या कायद्याखाली, छोट्या दाव्यांच्या कोर्टात जा. तो कायदाही 1967चाच, ‘गोरिला’च्याच वर्षीचा, म्हणजे सगळं जुळून आलं म्हणायचं. 300 ते 500 पौंडांच्या दाव्याला 50 पौंड फी, सुनावणी लागली तर आणखी 59. आणि दावा कोणत्या पत्त्यावर लावायचा? पार्सलवरचा पत्ता निघाला कोपऱ्यावरच्या पार्सल घेणाऱ्या दुकानाचा.

दुकानातून 100 पौंडांच्या वरची वस्तू घेतलीत तर क्रेडिट कार्डाने घ्या. 1974च्या ‘कंझ्युमर क्रेडिट अॅक्ट’च्या कलम 75खाली कार्ड कंपनीही विक्रेत्याइतकीच बांधील असते. खासगी माणूस कार्ड घेत नाही, म्हणून खासगी माणसाकडून सह्या घ्यायच्याच नाहीत, असं मी आता म्हणते. नवरा म्हणतो कुणाकडूनच घेऊ नकोस. त्याला टपालाची तिकिटं गोळा करायचा नाद आहे, त्याबद्दल मी काही बोलत नाही.

आणि प्रमाणपत्राचे पैसे कधीच, कधीच वेगळे देऊ नका. ज्याच्याकडे खरी वस्तू असते तो ती आधीच तपासून आणतो. भावाचं, काकांचं, ड्रायव्हरचं पत्र हा पुरावा नव्हे, ते कुणालाही टाइप करता येतं. विकणाऱ्याला चूक दाखवायची असेल तर दाखवा, पण नेमकी काय चूक आहे ते सांगू नका. हे मी फार महागात शिकले, कारण गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावाने एक जाहिरात लागली आहे. वारलेला भाऊ तोच, व्हॅन तीच. या वेळी एलपी ‘टॅडपोल्स’, 1969ची, 450 पौंड. पत्रावर बोंझो डॉग बँड, तारीख 1969, सह्या त्याच सहा, आणि डेनिस कोवन आता अगदी योग्य जागी. मी साइटला कळवलं. त्यांचं उत्तर आलं की जाहिरातीत नियमभंग आढळला नाही. हे लिहीत असताना ती तिथेच आहे.