साओ पाउलो की रिओ? आधी स्वयंपाकघर बघा, मग समुद्र

ब्राझीलची बदली ठरते, कंपनी म्हणते ‘दोन्ही शहरांत ऑफिस आहे, तुम्हीच सांगा’, आणि मराठी घरात पाच मिनिटांत निकाल लागतो: रिओ. समुद्र आहे, डोंगर आहेत, डोंगरावर हात पसरून उभा येशू आहे. साओ पाउलो कोणाला हवंय? मीही हेच म्हटलं होतं. पहिली दोन वर्षं रिओत काढली, आता साओ पाउलोत चौथं चालू आहे. माझं मत आधीच सांगून टाकते. घर शाकाहारी असेल, पदरात मुलं असतील, तर साओ पाउलो. एकटेदुकटे असाल, मासे खात असाल आणि ऑफिसजवळ घर परवडत असेल, तर रिओ.

पोटापासून सुरुवात करू. वरणभातासारखा भात आणि फेजाँव, म्हणजे शिजवलेला राजमा, दोन्ही शहरांत रोज असतो. गंमत अशी की रिओच्या माणसाला ‘कारिओका’ म्हणतात, पण ‘फेजाँव कारिओका’ नावाचा रेघारेघांचा तपकिरी राजमा साओ पाउलोच्या ताटात असतो. रिओत रोज काळा. बाहेर खाल तर दोन्हीकडे त्यात डुकराच्या मांसाचा तुकडा असण्याची शक्यता भरपूर. शिवाय ‘सें कार्नी’, म्हणजे मांस नको, एवढं सांगून भागत नाही. कार्नी म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे गाईचं मांस येतं, त्यामुळे तुमच्यापुढे निरागसपणे चिकन किंवा हॅम येतं. चिकन नको, हॅम नको, मासा नको, अशी पूर्ण आरती म्हणावी लागते. साओ पाउलोत ती कमी वेळा म्हणावी लागते, कारण या शहरात इटालियन, लेबनीज आणि जपानी लोकांच्या पिढ्यान्‌पिढ्या गेल्यात. काहीच सुचलं नाही तर कोपऱ्यावरचा पिझ्झा असतोच. (पिझ्झ्यावर केचप मागू नका. रिओत चालतं, इथे पुण्यात मिसळीवर साखर मागितल्यासारखं बघतात.)

वजनावर जेवण देणारी ‘पोर किलो’ हॉटेलं दोन्हीकडे आहेत आणि दुपारच्या जेवणाला तीच आपली माय. ताट भरायचं, काट्यावर ठेवायचं, वजनाचे पैसे द्यायचे. भेंडी दिसली की माझा हात आपोआप जड होतो.

खरा फरक घरच्या स्वयंपाकात. साओ पाउलोच्या म्युनिसिपल मार्केटला पर्यटक 1933ची इमारत आणि आतलं जाडजूड मोर्तादेला (डुकराच्या मांसाचं सॉसेज) सँडविच बघायला जातात. आपण त्याच्या शेजारच्या ‘झोना सेरेयालिस्ता’त जायचं. गोणीतले हरभरे, मसूर, जिरं, हळद, शेंगदाणे, खोबरं, सगळं वजनावर. तूर इथे ‘गुआंदु’ नावाने ओळखतात, पण बहुधा अख्खी मिळते. लिबरदाजी या जपानी वस्तीत तांदळाच्या आणि मसाल्यांच्या दुकानांत आपलं बरंच भागतं. रिओत हीच खरेदी मध्यवस्तीतल्या ‘सारा’ बाजारात होते. होते, पण निवड कमी. रिओचं माप जड ठरतं ते साओ क्रिस्तोव्हाँवच्या ईशान्य ब्राझीलवाल्यांच्या बाजारात. तिथली ‘रापादुरा’ म्हणजे सरळ आपली गुळाची ढेप. पहिल्यांदा वास घेतला आणि दिवाळीआधीच पुरणपोळ्या झाल्या.

साबुदाण्याची काळजी कुठेच नको. तो मूळचा इथल्याच मांदियोकाचा, म्हणजे कसाव्याचा. सुपरमार्केटमध्ये ‘सागू’ म्हणून मिळतो. दक्षिण ब्राझीलमध्ये तो लाल वाइनमध्ये शिजवून गोड खातात. मी भिजवून खिचडी केली, पहिल्यांदा गोळा झाला. पाणी कमी केल्यावर मोकळी झाली. पोळ्यांचं मात्र दोन्ही शहरांत सारखंच रडगाणं. साधं गव्हाचं पीठ म्हणजे मैदा, आणि ‘इंतेग्राल’, म्हणजे कोंड्यासकटचं, इतकं जाडसर की पोळी कडेला चिरते. अर्धं अर्धं मिसळा. पुड्यावर ‘कों फेर्मेंतु’, म्हणजे फुगवणारी पावडर घातलेलं, असं लिहिलेलं नाही हे आधी बघा, नाहीतर तव्यावर केक फुगेल.

भाजीसाठी ‘फेइरा’, म्हणजे ठरलेल्या गल्लीत आठवड्यातून एकदा भरणारा बाजार. आमच्या गल्लीत गुरुवारी पहाटेच लोखंडी खांब आपटल्याचा आवाज येतो. साडेबारानंतर ‘शेपा’ सुरू होते: उरलासुरला माल पडेल त्या भावाने, आणि विकणारा तुम्हाला ‘सुंदरी’ म्हणून हाका मारतो. पहिल्या फेइरात मी कोथिंबीर समजून हिरव्या पाल्याची जुडी आणली. ‘शेरु-व्हेर्दी’ निघाली, पार्सली आणि पातीचा कांदा. भेळेवर घातल्यावर नवऱ्याने काही न बोलता पाणी प्यायलं. कोथिंबिरीला ‘कोएंत्रु’ म्हणायचं, आणि चुरगळून वास घेतल्याशिवाय पैसे द्यायचे नाहीत. आपल्या ‘कोबी’चं मूळ असलेला पोर्तुगीज ‘कोव्ही’ इथे गड्डा नसून रुंद पानांची भाजी असतो, हेही तिथेच कळलं. खरेदी झाली की हातभर लांब, फुगलेलं चीजचं ‘पास्तेल’ आणि उसाचा रस. फेइरा रिओतही भरतो, पण पास्तेलचा असा नेम मी साओ पाउलोतच पाहिला.

आता शनिवार-रविवार, जिथे रिओ मुसंडी मारतं. खरं तर रिओत शनिवारची वाट बघावी लागत नाही. उन्हाळ्यात सहाला ऑफिस सुटलं की चप्पल घालून आर्पोआदोरच्या समुद्रकाठच्या खडकावर. सूर्य बुडाला की लोक टाळ्या वाजवतात. पहिल्यांदा हसू आलं, दुसऱ्यांदा मीही वाजवल्या. तिजुकाचं जंगल शहराच्या आतच. कॉफीच्या मळ्यांनी उजाड झालेले हे डोंगर 1860च्या दशकापासून पुन्हा झाडं लावून उभे केलेत. जानेवारीत एका वळणावर ओळखीचा घमघमाट आला, वर बघते तर फणस. आपल्याकडून आलेला पाहुणा इतका माजलाय की तो आवरणं वनखात्याला जड जातंय. शिवाय फेरीबोटीने पाकेता बेट, जिथे खासगी मोटारी नाहीत. पलीकडे नितेरोईत मासळीबाजार, खाली मासा निवडायचा आणि वरच्या मजल्यावर तळून घ्यायचा. पावसाळी जानेवारी-फेब्रुवारीत मात्र पेत्रोपोलिसच्या घाटात हवामान बघितल्याशिवाय जाऊ नका, दरडी कोसळतात.

साओ पाउलोत समुद्र गाठायला घाट उतरावा लागतो. सांतुस 70-75 किलोमीटर, बोगदे आणि उंच पुलांवरून 700 मीटरवर खाली. जाताना झकास. रविवारी संध्याकाळी परतताना लोणावळ्याहून परतणाऱ्या मुंबईकराची आठवण हटकून येते. थंडीसाठी कांपुस दु जोर्दाँव आहे, आपलं महाबळेश्वर समजा, स्ट्रॉबेरीऐवजी फोंड्यू. माझं आवडतं पारानापियाकाबा: इंग्रजांच्या रेल्वेसाठी वसलेलं लाकडी घरांचं गाव, दुपारी दोनला धुकं उतरतं आणि समोरचा माणूस दिसेनासा होतो. बाकी बहुतेक रविवारी आम्ही कुठेच जात नाही. पाउलिस्ता मार्ग मोटारींना बंद असतो, मुलं सायकली काढतात, इबिरापुएरा बाग आहेच.

उरलेलं भराभर. साओ पाउलोची मेट्रो रिओपेक्षा कितीतरी पसरलेली. गाडी घेतलीत तर पाटीच्या शेवटच्या आकड्यानुसार आठवड्यातला एक दिवस सकाळी 7 ते 10 आणि संध्याकाळी 5 ते 8 मध्य भागात चालवता येत नाही. सोमवारी 1 आणि 2, असं क्रमाने. रिओचा उन्हाळा चिकट, चाळिशीपर्यंत जाणारा. साओ पाउलोत जुलैत घरात स्वेटर, कारण हीटर नसतात. फोन रस्त्यात हातात धरू नका, दोन्हीकडे. घर बघताना भाड्यावर ‘कोंदोमिनियु’, म्हणजे सोसायटीचा देखभाल खर्च, आणि घरपट्टी वेगळी लागते, ती मिळवून मगच आकडा ऐका.

आणखी एक. साओ पाउलोहून रिओ विमानाने तासाभरात, उतरताना खिडकीतून ‘साखरेची ढेप’ (शुगरलोफ) डोंगर. आम्ही वर्षातून तीन-चार वेळा जातो. रिओत असताना ‘चला, साओ पाउलोला दोन दिवस’ असं आमच्या तोंडून कधी निघालं नाही. गेलो ते वाणिज्य दूतावासाच्या कामाला, आणि येताना डाळी घेऊन आलो.

सामानात हिंग, गोडा मसाला, मेथीदाणे आणि लाटणं ठेवा. कुकर आणू नका. फेजाँवमुळे तो इथे घरोघरी असतो. फक्त इथल्या कुकरला शिट्टी नाही, वरचं वजन सतत सुसू करत राहतं. वरणाला तीन शिट्ट्या नव्हे, दहा मिनिटं.