घरी बनवलेला ब्रेक बूस्टर: सात महिने आणि एक पावसाळा वापरल्यानंतर

सायकलच्या व्ही-ब्रेकची (रिमवर दोन्ही बाजूंनी रबरी गुटके दाबणारा ब्रेक) लिव्हर हँडलला टेकते, पण मागचं चाक पुरतं धरत नाही, अशी तक्रार असेल तर सायकलच्या मागे बसा आणि कुणाला तरी लिव्हर करकचून दाबायला सांगा. गुटके रिमला टेकल्यावर सीटखालचे दोन तिरके पाइप बाहेर फाकताना डोळ्यांनी दिसतात. इथे जोर वाया जात नाही, लिव्हरची चाल वाया जाते. फाकलेले पाइप थांबेपर्यंत लिव्हर हँडलला जाऊन टेकलेली असते आणि पुढे दाबायला जागाच राहत नाही. बूस्टर एवढंच करतो: ब्रेकचे दोन्ही बोल्ट टायरवरून घोड्याच्या नालेसारख्या एका पट्टीने बांधून टाकतो.

शिमानोचे व्ही-ब्रेक १९९६ मध्ये आले. त्यांचा जोर जुन्या कँटिलिव्हर जातीच्या रिम-ब्रेकपेक्षा बराच जास्त, त्यामुळे पातळ पाइपच्या फ्रेममधली ही उणीव उघडी पडली. मागुराच्या एचएस३३ या हायड्रॉलिक रिम-ब्रेकबरोबर तर बूस्टर सोबतच मिळायचा. आता दुकानात तो सहज दिसत नाही. म्हणून घरी बनवणं आलं.

इथला अनुभव २६ इंची चाक, २.१ इंची टायर आणि स्टील फ्रेम असलेल्या सायकलवरचा आहे. बहुतेक जण पहिली चूक करतात ती २५ × ५ मिमीची पट्टी व्हाइसमध्ये धरून यू आकारात वाकवण्याची. दिसायला झकास, कामाला शून्य. पट्टी सपाट बाजूने वाकवली की फाकण्याच्या दिशेने तिची जाडी फक्त ५ मिमी उरते. तोच आकार प्लेटमधून कापून काढला तर त्या दिशेला २५ मिमी मिळतात. वाकण्याला होणारा विरोध या मापाच्या घनाने वाढतो, म्हणून तेवढाच धातू वापरून फरक पंचवीस पटींचा पडतो. प्लेट ५ ऐवजी ६ मिमी जाड घेतली तर जेमतेम २० टक्के फायदा. कमानीची रुंदी २० वरून २५ मिमी केली तर जवळजवळ दुप्पट. रुंदी हवी ती माथ्यावर, कारण सगळ्यात जास्त ताण तिथे येतो. पाय खाली थोडे निमुळते झाले तरी चालतात.

स्टील अॅल्युमिनियमच्या साधारण तिप्पट ताठ आणि वजनालाही जवळजवळ तिप्पट, त्यामुळे ६ मिमी अॅल्युमिनियमची बरोबरी २ मिमी स्टील वजनासकट करतं. पण २ मिमीचा पत्रा जोर आला की पिळवटतो. म्हणून ६०६१ किंवा ६३५१ जातीची ६ मिमी अॅल्युमिनियम प्लेट घ्या. नाशिकच्या अंबड-सातपूरमधल्या फॅब्रिकेशनवाल्यांकडे असे तुकडे किलोच्या भावात मिळतात. तयार बूस्टरचं वजन ९० ग्रॅमच्या आसपास भरतं.

आकार आधी पुठ्ठ्यावर, चाक जागेवर ठेवून काढा. बोल्टच्या मध्यापासून मध्यापर्यंत अंतर इथे ८० मिमी होतं. तुमचं मोजूनच घ्या. आतली कडा ड्रिलने ओळीने भोकं पाडून सोडवायची, मग अर्धगोल कानस. अॅल्युमिनियम कानशीच्या दातांत भरतं, तेव्हा कानशीला खडू घासा. ड्रिल करताना रॉकेलचे चार थेंब सोडा. आतल्या कोपऱ्यात काटकोन ठेवू नका, तडा तिथूनच जातो.

भोकांबाबत पहिल्या बूस्टरमध्ये फसगत झाली. एक भोक गोल आणि दुसरं लांबट ठेवलं, म्हणजे बसवायला सोपं. पण लांबट भोकात प्लेटला धरून ठेवतं ते फक्त बोल्टच्या दाबाने होणारं घर्षण. जोरात ब्रेक मारला की प्लेट केसभर सरकायची आणि ‘टक्’ असा आवाज यायचा. दुसऱ्या वेळी एक भोक पाडून प्लेट तिथे कसली, दुसरं जागेवरच खुणावलं, ५.८ मिमीचं पाडलं आणि गोल कानशीने बोल्ट जेमतेम जाईल इतकं वाढवलं. आवाज बंद.

बोल्ट एम६ (६ मिमी व्यासाचे), ताकदीने ८.८ दर्जाचे. प्लेट ६ आणि वॉशर २ मिमी, म्हणून मूळ बोल्टपेक्षा ८ मिमी लांब. इथे २५ मिमी लागले. बोल्ट बॉसमध्ये (फ्रेमवरची आट्यांची खुंटी, जिच्यावर ब्रेक बसतो) किती शिरतो ते फेरे मोजून बघा, एक फेरा म्हणजे १ मिमी. आठ-नऊ फेरे हवेतच. फार लांब बोल्ट तळाला टेकतो आणि बोल्ट कसला गेल्यासारखा वाटतो, पण प्लेट ढिलीच असते. ब्रेकच्या भुजेच्या आतल्या नळीवर छोट्या घेराचं वॉशर बसवून मगच प्लेट ठेवा. मोठं वॉशर भुजेला घासतं, मग लिव्हर सोडल्यावर ब्रेक परत येत नाही. ५ ते ७ न्यूटन-मीटर कसणं पुरे. निळं थ्रेडलॉक (बोल्ट आपोआप ढिला होऊ न देणारं चिकट द्रव्य) लावा आणि पहिल्या पंधरवड्यात दोनदा तपासा.

सात महिन्यांचा हिशेब असा. पूर्वी लिव्हर दाबली की बॉसमधलं अंतर साधारण अडीच मिमी वाढायचं, आता व्हर्नियरवर अर्ध्या मिमीच्या आसपास दिसतं. सप्तशृंगी गडावरून नांदुरीकडे उतरताना लिव्हर हँडलपासून दोन बोटं दूर थांबते, त्यामुळे जोर कमी-जास्त करणं सोपं झालं. ओल्या रिमवर मात्र काडीचा फरक नाही. पावसात त्र्यंबक रस्त्यावर ब्रेक पूर्वीइतकाच उशिरा धरतो. शिवाय रिममधली लचक (थोडासा वाकडेपणा) आता लिव्हरवर ठकठक जाणवते. आधी पाइप ती पचवत होते. स्पोक वेळेवर कसून घ्यावे लागतात.

खरा त्रास दिंडोरीकडच्या द्राक्षबागांमधल्या काळ्या मातीने दिला. टायर आणि कमान यांत ८ मिमी जागा ठेवली होती. दोनशे मीटरांत माती गच्च बसून चाक जाम. १५ मिमी केल्यावर निभावलं, पण कमान उंच झाली की माथ्यावरचा ताणही वाढतो, म्हणून माथा २८ मिमी रुंद करावा लागला. पावसाळ्यानंतर स्टील बोल्टभोवती अॅल्युमिनियमवर पांढरी भुकटी दिसली; प्लेटच्या भोकात ग्रीस भरल्यापासून ती पुन्हा आली नाही. बोल्टच्या आट्यांना मात्र ग्रीस लावू नका, थ्रेडलॉक धरत नाही.

पुढे सस्पेन्शन फोर्क (धक्के शोषणारा चिमटा) असेल तर तिथे बूस्टर लावू नका, त्याची स्वतःची कमान तेच काम करते. मागेही आधी नवी केबल आणि आउटर (केबलवरचं बाहेरचं आवरण) टाकून बघा. दबणारं जुनं आउटर लिव्हरची तेवढीच चाल खातं, आणि ते बदलायला कानस लागत नाही.