नाव शेफचे, हात कोणाचा?

पुण्याहून सकाळी सव्वासातला सुटणारी डेक्कन क्वीन साडेदहाच्या आत दादरला पोहोचवते आणि परतीची गाडी संध्याकाळी ५.१० ला छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसवरून निघते. या दोन वेळांच्या मधे दुपारचे एक निवांत जेवण नेमके बसते, आणि गेली काही वर्षे आम्ही दोघे नवराबायको दर दोन-तीन महिन्यांनी याच हिशेबाने शनिवारी मुंबई गाठतो. खरेदी नाही, नाटक नाही. एखाद्या नावाजलेल्या शेफच्या रेस्टॉरंटमध्ये जेवायचे आणि परत फिरायचे. क्वचित मुक्काम होतो, तो दादरला हिंदू कॉलनीत आत्याकडे. (गाडीच्या डायनिंग कारमधले चीज टोस्ट सकाळी खाऊ नये, असे आम्ही दर वेळी ठरवतो आणि कर्जतच्या आधी खातो.)

या छंदाची सुरुवात मात्र मुंबईत झाली नाही आणि चांगलीही झाली नाही. एका मोठ्या शहरातील पंचतारांकित हॉटेलात, दूरचित्रवाणीवर गाजलेल्या एका शेफच्या नावाने चालणाऱ्या रेस्टॉरंटमध्ये आम्ही लग्नाच्या वाढदिवसासाठी महिनाभर आधी टेबल राखून ठेवले होते. दाराशी त्या शेफचा माणसाच्या उंचीचा फोटो होता, शेजारी त्यांची पुस्तके विक्रीला मांडली होती, आणि वेटर प्रत्येक पदार्थ ठेवताना ‘शेफच्या आजीची कृती’, ‘शेफच्या बालपणीची चव’ अशी पाठ केलेली वाक्ये म्हणत होता. ज्या नळीच्या मटणासाठी ते ठिकाण प्रसिद्ध आहे ते समोर आले, तेव्हा रश्श्यावर तुपाचा पातळ पांढरा थर धरला होता. चमचा टेकवला की त्याला सुरकुती पडे. ते परत पाठवले, तर पाच मिनिटांत तेच ताट कडेने वाफाळत आणि आतून कोमट असे परत आले. शेफ आज आहेत का, असे मी विचारले, तेव्हा वेटरने प्रामाणिकपणे सांगितले की तो दीड वर्ष तेथे नोकरी करतो आहे आणि त्याने त्यांना दोनदा पाहिले आहे.

त्या दिवसापासून अशा कोणत्याही ठिकाणी जाताना मी एकच प्रश्न मनात ठेवतो: ज्याचे नाव पाटीवर आहे तो माणूस आज शहरात नसेल, तर माझ्या ताटात काय येईल? शेफ स्वतः कढईपाशी उभा असावा, ही अपेक्षा भाबडी आहे, हे मला मान्य आहे. अनेक ठिकाणी शेफ आपले नाव देतो, मेनू बसवतो, पहिली तुकडी शिकवून तयार करतो, प्रत्येक पदार्थाची कृती ग्रॅममध्ये लिहून देतो आणि मग वर्षातून काही वेळा येऊन चव पाहून जातो. संजीव कपूर यांच्या ‘यलो चिली’च्या शाखा देशभर आहेत आणि परदेशातही आहेत, त्या सर्व ठिकाणी ते असणार नाहीत, हे उघड आहे. पण त्यांचा ‘शाम सवेरा’ हा पदार्थ लक्ष देऊन पाहिला, की अनुपस्थित शेफचा पदार्थ कसा रचावा याचा धडाच मिळतो. पालकाच्या कोफ्त्यात पनीर भरलेले असते, तो तळून मधोमध कापतात आणि टोमॅटोच्या लालसर रश्श्यावर कापलेली बाजू वर करून ठेवतात: बाहेर हिरवे, आत पांढरे, खाली तांबडे. कोफ्ता फुटला असेल, पनीर मध्यभागी बसले नसेल किंवा पालकाला पाणी सुटले असेल, तर ते कापताक्षणी दिसते. चूक झाकायला जागाच ठेवलेली नाही. शेफ हजार मैलांवर असला तरी त्याचा पदार्थ स्वतःची तपासणी स्वतः करतो. आमच्या त्या नळीच्या मटणात ही सोय नव्हती, आणि तपासणारा माणूसही नव्हता.

या प्रश्नाची सर्वांत कठीण परीक्षा घेणारे ठिकाण म्हणजे लोअर परळच्या कमला मिलमधील ‘बॉम्बे कँटीन’. हे रेस्टॉरंट २०१५ साली सुरू झाले, तेव्हा त्याच्यामागे नाव होते फ्लॉइड कार्डोझ यांचे. जन्म मुंबईचा, मूळ गोव्याचे, शिक्षण आधी जीवरसायनशास्त्राचे आणि नंतर हॉटेल व्यवस्थापनाचे. न्यूयॉर्कमध्ये १९९८ साली सुरू झालेल्या ‘तबला’ या रेस्टॉरंटने त्यांना प्रसिद्धी दिली, आणि भारतीय मसाले युरोपीय तंत्राने हाताळणाऱ्या त्या जागेने बारा वर्षे तग धरला. मार्च २०२० मध्ये ते मुंबईहून अमेरिकेला परतले आणि त्याच महिन्याच्या २५ तारखेला न्यू जर्सीमध्ये कोविडने त्यांचे निधन झाले. म्हणजे येथे शेफ परदेशी आहे, दूरचित्रवाणीच्या चित्रीकरणात अडकला आहे, असे काही नाही. तो आता कधीच येणार नाही. अशा किचनमध्ये काय उरते, हे पाहण्यासाठी आम्ही गेलो, आणि या वेळी आत्यालाही बरोबर घेतले.

आत्या पंचाहत्तरीच्या पुढची आहे, अंडीही खात नाही, आणि लोअर परळ तिला गिरण्यांच्या भोंग्यांचे म्हणून माहीत आहे. टॅक्सी कमला मिलच्या आवारात शिरली तेव्हा काचेच्या इमारती पाहत ती म्हणाली, “अरे, इथे बायका गिरणीवाल्यांना डबे करून घालायच्या, आणि आता तू मला कँटीनमध्ये जेवायला आणतोस.” तिचे म्हणणे अगदी नेमके होते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते याच गिरणगावात खानावळी चालवणाऱ्या बायकांसाठी. त्या खानावळींत महिन्याच्या हिशेबावर जेवणाऱ्या कामगाराला ‘कँटीन’ या नावाने असे बिल आले असते तर त्याने काय केले असते, हा विचार माझ्या मनात जेवण संपेपर्यंत अधूनमधून येत राहिला, आणि तो यावा हे बरेच झाले.

आत गेल्यावर जुन्या मुंबईच्या बंगल्यातील व्हरांड्याची आठवण व्हावी अशी मांडणी आहे, आणि दाराशी कोणाचाही माणसाच्या उंचीचा फोटो आमचे स्वागत करत नव्हता, हे मला फार आवडले. आम्ही प्रथम ज्वारी आणि बार्लीचे सॅलड मागवले. आत्याने ज्वारीचा एक दाणा चमच्यावर वेगळा घेतला, चष्मा वर सरकवून पाहिला आणि मग खाल्ला. दाणा अख्खा होता, शिजलेला होता आणि तरीही दाताखाली टच्च लागत होता. “हुरड्याच्या पुढचा आणि भाकरीच्या अलीकडचा,” हे तिचे वर्णन मला कोणत्याही परीक्षणापेक्षा अचूक वाटते. ज्वारी शिजवताना दाणा एकतर कचकचीत राहतो किंवा फुटून लगदा होतो, आणि मधला तो बिंदू साधायचा तर कोणीतरी पातेल्याशेजारी उभे राहून दाणा चावून पाहावा लागतो. तो दाणा चावून पाहणारा माणूस त्या दिवशी किचनमध्ये होता, एवढे मला कळले.

आमच्या दोघांसाठी ‘एग्ज केजरीवाल’ आले. हा पदार्थ मूळचा मुंबईच्या विलिंग्डन क्लबचा. घरी शाकाहार पाळणारे केजरीवाल नावाचे एक व्यापारी क्लबात येऊन चीज आणि हिरवी मिरची घातलेल्या टोस्टवर अंडे खात, आणि त्यांच्या नावानेच तो पदार्थ ओळखला जाऊ लागला, असे सांगतात. ही गोष्ट ऐकून आत्या मनापासून हसली. “यात नवल कसले, तुझे आजोबा ऑम्लेट खायला इराण्याकडेच जायचे आणि घरी आले की आंघोळ करायचे.” पदार्थ साधा आहे, त्यातील कसब एवढेच, की पिवळा बलक मोडल्यावर तो मिरचीच्या चटणीत उतरावा आणि खालचा पाव मात्र ओला पडू नये. आमचा पाव शेवटच्या घासापर्यंत कुरकुरीत राहिला. एका सामान्य नाश्त्याच्या पदार्थाला एवढी शिस्त लावणे हाच, माझ्या मते, कार्डोझ यांचा खरा वारसा आहे.

हे म्हणण्याला एक कारण आहे. २०११ साली अमेरिकेतील ‘टॉप शेफ मास्टर्स’ या स्पर्धेच्या तिसऱ्या पर्वात कार्डोझ जिंकले, आणि अंतिम फेरीत त्यांनी परीक्षकांपुढे ठेवलेल्या पदार्थांत रानटी अळंब्यांचा उपमा होता, त्यात नारळाचे दूध आणि कोकम घातलेले. ही माहिती मी टेबलावर दिली तेव्हा आत्या चमचा खाली ठेवून म्हणाली, “उपीट? उपिटाला बक्षीस?” तिच्या स्वरात अविश्वासापेक्षा, साठ वर्षे उपीट करूनही आपल्याला कोणी काही दिले नाही, ही तक्रार अधिक होती. मला मात्र त्या निवडीचे फार अप्रूप वाटते. अंतिम फेरीत आपल्याकडचे सर्वांत दिमाखदार पक्वान्न न मांडता रोजच्या न्याहारीवर विश्वास टाकणारा शेफ आपल्या रेस्टॉरंटला ‘कँटीन’ म्हणतो, तेव्हा ते नुसते शहरी कौतुक राहत नाही.

कार्डोझ असतानाही रोजचे किचन दुसऱ्यांच्या हाती होते, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. सुरुवातीची वर्षे ते थॉमस झकरायस यांनी सांभाळले, देशभर फिरून ठिकठिकाणचे पदार्थ आणि भाज्या मेनूत आणल्या. पुढे सूत्रे हुसेन शहजाद यांच्याकडे आली. ज्याचे नाव होते तो न्यूयॉर्कला आणि ज्यांचा हात होता ते मुंबईत, अशी विभागणी पहिल्यापासून असल्यामुळेच बहुधा, नाव गेल्यावर हात डगमगले नाहीत. ‘मास्क’चे उदाहरण असेच आहे. महालक्ष्मीजवळ शक्ती मिलच्या गल्लीत २०१६ साली सुरू झालेल्या या रेस्टॉरंटचे नाव प्रतीक साधू यांच्याशी जोडले गेले होते. २०२२ मध्ये ते बाहेर पडले आणि त्याच किचनमध्ये घडलेले वरुण तोतलानी मुख्य शेफ झाले. तेथे ठरलेल्या क्रमाने एकामागून एक येणारे दहा पदार्थ असतात, त्यामुळे रात्रीचा मुक्काम धरूनच जावे लागते, आणि आमच्या डेक्कन क्वीनच्या हिशेबात ते बसत नाही.

शेवटी गोड म्हणून ‘गुलाब नट’ आले. डोनटच्या आकाराचा गुलाबजाम, ओल्ड मंक रममध्ये मुरलेला, मधल्या पोकळीत पिस्त्याचे क्रीम. वेटर मुलगा मराठी होता, आणि आत्याने चमचा उचलण्याआधीच तो वाकून हळू आवाजात म्हणाला, “आजी, यात रम आहे हं.” आत्याने क्षणभर विचार केला. “मग मधले हिरवे तेवढे मला दे, बाकीचे तुम्ही दोघे संपवा.” गुलाबजाम आतपर्यंत मुरलेला होता आणि तरी चमच्याने कापल्यावर धार स्वच्छ राहत होती, रमचा वास पाकाच्या मागून येत होता, पुढून नाही. मला तो थोडा मोठा वाटला, पण ताटली रिकामी परत गेली हेही खरे.

तिघांच्या जेवणाचे, मद्याशिवाय, जे बिल झाले त्या पैशांत पुण्यात चांगल्या थाळीला दहा-बारा माणसे सहज जेवली असती. ज्यांना हा हिशेब डोक्यातून काढता येत नाही त्यांनी या वाटेला जाऊ नये, असे मी स्पष्टच सांगेन. बिल मात्र वाचावे. स्वतंत्र रेस्टॉरंटमध्ये जेवणावर ५ टक्के वस्तू व सेवा कर लागतो, तर खोलीचे भाडे दिवसाला ७,५०० रुपयांहून अधिक असलेल्या महागड्या हॉटेलातील रेस्टॉरंटमध्ये तोच १८ टक्के होतो. पंचतारांकित हॉटेलात शेफचे नाव विकत घेताना हा फरक सहसा लक्षात येत नाही. सेवाशुल्क तर ऐच्छिकच आहे. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्ये ते बिलात आपोआप जोडू नये अशा सूचना दिल्या आणि दिल्ली उच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये त्या कायम ठेवल्या. नळीच्या मटणाच्या त्या रात्री आमच्या बिलात ते जोडलेले होते, आणि थंड रश्श्याची सेवा म्हणून आम्ही ते भरलेही होते.

आणखी एक सूचना अनुभवाची आहे. शनिवारची रात्र टाळावी. त्या रात्री टेबले दोन-दोन पाळ्यांत भरतात, किचनवर ताण असतो, आणि वेटरचे लक्ष तुमच्या ताटापेक्षा पुढच्या पाहुण्यांच्या वेळेकडे असते. दुपारी साडेबाराचे पहिले टेबल घ्यावे; किचन ताजेतवाने असते, प्रश्न विचारले तर उत्तरे मिळतात, आणि आत्यासारखे कोणी बरोबर असेल तर ज्वारीचा एक दाणा वेगळा काढून पाहण्याइतका निवांतपणाही मिळतो.

हुसेन शहजाद यांचे छोटे रेस्टॉरंट ‘पापाज’ वांद्र्याला ‘व्हेरोनिकाज’ या सँडविचच्या दुकानाच्या वर आहे. तेथे खुर्च्या फक्त बारा, काउंटरला लागून, आणि स्वयंपाक समोरच चालतो; नाव आणि हात एकाच जागी पाहायला मिळण्याची ही आमच्या यादीतली पहिली संधी आहे. पुढच्या खेपेला तेथे जायचे ठरले आहे. आत्याला विचारले, तेव्हा तिने आधी खुर्चीला पाठ आहे का ते विचारून घे, असे सांगितले आहे.