बोलतं करायचं की नुसतं सोबत बसायचं?

३० सप्टेंबर १९९३, किल्लारी. आदल्याच दिवशी गणपती विसर्जन झालेलं, आणि पहाटे चारच्या सुमारास भूकंपाने दगडमातीची घरं कोसळली. ढिगाऱ्याशेजारी सुन्न बसलेल्या माणसाशी अशा वेळी बोलायचं कसं?

एक वाट डीब्रीफिंगची. जेफ्री मिशेल यांनी १९८३ मध्ये ती मांडली, तीही मुळात मदतकर्मींसाठी. काही दिवसांतच सगळ्यांना एकत्र बसवायचं. काय पाहिलं, काय वाटलं, सगळं वदवून घ्यायचं. आपल्या ‘रडून मोकळी हो गं’शी हे जुळतं, म्हणून चटकन पटतं. पण एकाच बैठकीतल्या अशा उजळणीने पुढचा त्रास टळत नाही, उलट काहींचा वाढतो, असं अभ्यासांत दिसलं.

दुसरी वाट मानसिक प्रथमोपचाराची. जागतिक आरोग्य संघटनेची २०११ ची पुस्तिका ती तीन क्रियापदांत सांगते: पाहा, ऐका, जोडून द्या. आधी पाणी, पांघरूण, हरवलेल्या भावाची चौकशी. समोरचा माणूस बोलला तर ऐकायचं, गप्प राहिला तर शेजारी बसून राहायचं. हिचाही पुरावा तोकडाच आहे म्हणा. तरी माझा कौल हिलाच: अंगणवाडीताई, शाळेतले गुरुजी हे शिकू शकतात, आणि पथकांच्या गाड्या परतल्यावरही ते गावातच असतात.