हातशिलाईची कोल्हापुरी घ्यावी की कुशनवाली डिझायनर?

लग्नसराई तोंडावर आली की दीड-दोन हजारांच्या बजेटमध्ये दोन जोड्या समोर येतात. एक कोल्हापुरातल्या चप्पल लाइन या बाजारातली हातशिलाईची, बाभळीची साल आणि हिरड्यात कमावलेल्या चामड्याची. दुसरी त्याच घाटाची, पण आत मऊ कुशन, वर रेक्झिनचे पट्टे, जरीची वेणी, हव्या त्या रंगात. दोन्ही मी घेतल्या आणि दोन्ही भरपूर वापरल्या.

रंगांचं म्हणाल तर डिझायनर जोडी सरस, यात वाद नाही. पैठणीच्या काठाला जुळणारा पिस्ता किंवा राणी रंग हाताच्या जोडीत शोधत बसावं लागतं. ब्लॉक हील, आरशाचं काम हेही तिच्यातच. एकाच समारंभासाठी, एकाच पोशाखावर घालायची असेल तर तिच्यात पैसे घालायला हरकत नाही.

पण फॅशनचा विचार करत असाल तर अलीकडे वारं उलटं फिरलंय. जून २०२५ मध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडा या इटालियन फॅशन कंपनीने जे सँडल दाखवले, ते सपाट, बिनगोंड्याचे, अंगठ्याचे, चामड्याच्या मूळ रंगाचे होते. कोल्हापूरचं नाव सुरुवातीला कुठे नव्हतं. आपल्याकडून आवाज उठल्यावर ती प्रेरणा इथलीच असल्याचं कंपनीने मान्य केलं आणि पुढे त्यांची माणसं इथे येऊन कारागिरांना भेटून गेली. म्हणजे सध्या जगभर जे चाललंय ते कोल्हापूरच्या सुभाषनगरात, कारागिरांच्या वस्तीत, कधीपासून बनतंय. साधी, तेल पाजून गडद झालेली जोडी कुर्त्यावर चालते, जीन्सवरही चालते. चमकीची जोडी मला पुढच्या हंगामात जुनी वाटायला लागली.

माझा निर्णय मात्र फॅशनवर झाला नाही, घामावर झाला. रेक्झिनचा आतला थर घाम पीत नाही. चैत्रातल्या उन्हात अर्धा तास चाललं की तळवा निसटायला लागतो. उतारावर पाय पुढे सरकतो, बोटं चपलेच्या कडेबाहेर येतात आणि मागे टाचेला दोन बोटं जागा रिकामी राहते. मग चप्पल पायात धरून ठेवायला अंगठा आवळायचा, आणि संध्याकाळी पोटऱ्या भरून येतात. जोतिबाच्या पायऱ्या उतरताना हे इतकं त्रासदायक झालं की मी ती हातात घेऊन उतरलो. कुशन कितीही मऊ असलं तरी पाय त्यावर ठरतच नसेल तर उपयोग काय? उघड्या चामड्याच्या तळव्याचं तसं नाही. तो घाम शोषतो, हळूहळू त्यात टाचेचा आणि बोटांचा ठसा बसतो, आणि पाय रोज त्याच जागी जाऊन बसतो. सगळ्याच कुशनवाल्या निसटत असतील असं मी म्हणणार नाही; आतला थर खऱ्या चामड्याचा असेल तर फरक पडत असावा. पण या किमतीत तशी जोडी मला मिळाली नाही.

हाताच्या जोडीलाही सांभाळावं लागतं. सुरुवातीला अंगठ्याशी लागते, तेल पाजावं लागतं, ओल्या फरशीवर तळ घसरतो. आपल्याकडच्या पावसात तर ती घालूच नये. मी जूनमध्ये कागदात गुंडाळून ठेवतो, प्लॅस्टिकमध्ये ठेवली तर बुरशी धरते. टाच दुखणाऱ्यांना किंवा दिवसभर फरशीवर उभं राहणाऱ्यांना तिचा सपाट तळ कडक वाटेल, त्यांनी कुशनचाच विचार करावा.

घेताना जोडी किंचित घट्ट घ्या, चामडं सैलावतं. तळ उलटा करून बघा: शिलाई चामड्याच्या वादीची हवी, खिळे नकोत. दुकानदाराने कर्नाटकातल्या अथणीचा (बेळगाव जिल्हा) माल आहे असं सांगितलं म्हणून नाक मुरडू नका. २०१९ मध्ये मिळालेलं भौगोलिक मानांकन कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट आणि विजापूरलाही आहे, आणि अथणीचे कारागीर फार सफाईने काम करतात. कापशी हा कोल्हापुरीचा जाड प्रकार रुबाबदार दिसतो, पण पहिलीच जोडी असेल तर पातळ तळाची घ्या, ती लवकर पायाला बसते.

मला विचाराल तर हाताचीच सांगेन, फक्त लग्नाच्या दोन-तीन आठवडे आधी घ्या आणि घरात घालून फिरा. लग्न परवावर आलं असेल तर या खेपेला डिझायनर घ्या. कोरी हाताची जोडी पहिल्याच दिवशी मांडवात तासन् तास उभं राहू देणार नाही.